डाव्या बादलीचा चमत्कार

सकाळपासून टाकीखाली मुंगीला शिरायला जागा नव्हती. वस्तीच्या पाण्याला आठवडाभर घाण वास येत होता, घरोघरी पोरं पोट धरून बसली होती, आणि अशा वेळी डॉक्टरच्या आधी महाराज पोचतात, हा जगाचा नियमच आहे. हे महाराज नखशिखांत पिवळे होते. कपडे पिवळे, दाढी पिवळट, समोरच्या घड्यातलं पाणीही पिवळं.

"दोष पाण्यात नाही!" महाराज गरजले. "दोष त्या खोलीत आहे!"

सगळ्या माना वळल्या. टाकीशेजारी शाळेतल्या मुलींसाठी नवं स्वच्छतागृह बांधलं होतं. आत नळ, साबण, वापरलेले पॅड टाकायला झाकणाचा डबा.

"पाळीतल्या मुली तिथे जातात. त्यांचा विटाळ पाझरतो आणि थेट टाकीत चढतो!"

पाझरणारी गोष्ट वर कशी चढते, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. एकीला सुचलं होतं, पण तोंड उघडण्याआधीच आत्याने तिला चिमटा काढला. या पोरीला सगळी वस्ती 'प्रश्नपत्रिका' म्हणायची, ते उगाच नाही.

प्रश्नपत्रिकेचा जीव त्या खोलीत अडकला होता. खोली बांधायच्या आधी पाळी आली की ती घरी बसायची. गेल्या वर्षी गणिताचा पेपर त्यातच बुडाला, तेव्हा ती उशीत तोंड खुपसून रडली होती. आणि आता दोष सिद्ध झाला तर खोलीची किल्ली महाराजांच्या हवाली करायची, असं वस्तीच्या अध्यक्षकाकांनी कबूल करून टाकलं होतं. खोली पवित्र होईपर्यंत महाराज स्वतः तिथे मुक्काम करणार होते. फरशी आणि भरपूर पाणी असलेली वस्तीतली ती एकमेव खोली होती, हा आपला निव्वळ योगायोग!

परीक्षा सुरू झाली. चेल्याने दोन बादल्या मांडल्या.

"त्या खोलीत जाणाऱ्या मुलींनी डाव्या बादलीत हात धुवायचे. न जाणाऱ्यांनी उजव्या. सरमिसळ नको, विटाळ पसरेल!"

मुली हात धुऊन, ओल्या हातांनीच पुढे येत. चेला घड्यातलं पिवळं पाणी लहानशा वाडग्यात ओती आणि मुलगी त्यात बोटं बुडवी. उजव्या रांगेतल्या मुलींचं पाणी पिवळंच राहिलं. डाव्या रांगेतली पहिली मुलगी आली, बोटं बुडाली, आणि पाणी लालभडक! बायकांनी पदर तोंडाला लावले. काका तर हात जोडून डोळेच मिटून बसले.

प्रश्नपत्रिकेचंही पाणी लाल झालं. ती वाडग्याकडे बघतच राहिली. तिची पाळी तर गेल्या आठवड्यातच येऊन गेली होती!

इतक्यात उजव्या रांगेतली तिची मैत्रीण कानाशी लागली. तिला घरच्यांनी त्या खोलीत जायला बंदी घातली होती. "अगं, माझं पाणी पिवळं कसं? मला तर आजच आलीय."

झालं! प्रश्नपत्रिकेच्या डोक्यात चक्रं फिरू लागली. तिने आपले हात चोळून पाहिले. कोरडे पडले होते, कातडी ओढल्यासारखी झाली होती आणि बोटांवर पांढरट थर धरला होता. असे हात ती रोज संध्याकाळी बघायची. आत्या घरांना चुना द्यायची ना!

"आत्या, मागे तुझ्या पदरावरच्या हळदीच्या डागावर चुना उडाला होता. तो डाग कसला झाला होता गं?"

"लाल," आत्या म्हणाली. मग तिने भाचीचे हात पाहिले, बादल्या पाहिल्या, आणि पदर खोचला. "जा, विचार काय विचारायचं ते. आता नाही चिमटा काढत."

"महाराज," प्रश्नपत्रिकेने आवाज चढवला, "अध्यक्षकाका शुद्ध की अशुद्ध?"

"परमशुद्ध!"

"मग काका, तुम्ही डाव्या बादलीत हात धुऊन दाखवता?"

"खबरदार! कोप होईल!" महाराज ओरडले. पण 'परमशुद्ध' ऐकून काकांची छाती फुगली होती. त्यांनी मिशीला पीळ दिला, बादलीत हात घातले आणि नव्याने भरलेल्या वाडग्यात बोटं बुडवली.

पाणी लालभडक!

आत्याने काळजीच्या सुरात विचारलं, "काका, कितवा दिवस तुमचा?"

हशाने टाकी हादरली. काका वाडग्याहून लाल झाले. प्रश्नपत्रिकेने साबणाने स्वच्छ हात धुतले, साबण पुरता निघेपर्यंत नळाखाली खळखळले, उजव्या बादलीत बुडवले आणि पुन्हा परीक्षा दिली. पाणी पिवळंच राहिलं. तेव्हा मैत्रीण पुढे आली. तिचा आवाज खणखणीत होता.

"मला आज पाळी आली आहे. आणि माझंही पाणी पिवळंच होतं."

"घड्यात हळद आहे," प्रश्नपत्रिका म्हणाली. "डाव्या बादलीत चुन्याची निवळी. दिसायला साधं पाणीच. चुना लागला की हळद लाल होते, मग हात मुलीचे असोत नाहीतर मिशीवाल्यांचे."

चेला केव्हाच पसार झाला होता. महाराजही निघाले होते, पण आत्याने चुनाकामाची शिडी आणली आणि ती धरायला त्यांनाच उभं केलं. वर चढून तिने टाकीत डोकावलं. झाकण फुटलेलं होतं आणि आत मेलेलं कबुतर तरंगत होतं.

"सापडला गं बाई विटाळ!" ती वरून ओरडली. "पंख आहेत त्याला!"

टाकी उपसली, घासली, तिच्यात औषध टाकलं, नवं झाकण बसलं आणि पोरांची पोटं ताळ्यावर आली. पाळी कुणाचं पाणी नासवत नाही. ते शरीराचं रोजच्यासारखंच एक काम आहे, आणि त्याला लागतं चांगलं पाणी, साबण आणि आडोसा. तेव्हा मंडळी, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी एकदा बादल्या बदलून बघा.

अध्यक्षकाकांनी त्या खोलीचं बाहेरचं कुलूप स्वतःच्या हाताने काढलं. आता दाराला फक्त आतून कडी आहे, आणि ती लावायची की उघडायची, ते आत असलेली मुलगी ठरवते.