ओझोनचे चिलखत

बाजाराच्या दिवशी चहाखान्याच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. तुर्कस्तानातल्या मनीसाकडचे झाडून सारे द्राक्षमळेवाले आपापली राखणीची कुत्री घेऊन आले होते. मधोमध पांढऱ्या कोटातला एर्दिंच बे उभा होता. तो डॉक्टर कशाचा, हे कुणी विचारले नाही. कोट पांढरा होता, तेवढे पुरे झाले.

त्याने एका कुत्र्याच्या पायातून रक्त काढून काचेच्या नळीत धरले. ते काळपट होते. "हा बघा वर्षभराचा मळ. यानंच मूत्रपिंडं कुजतात," असे म्हणत त्याने निळा दिवा लुकलुकणाऱ्या यंत्राची नळी आत सोडली. बुडबुडे आले, वीज पडल्यावर येतो तसा वास सुटला आणि रक्त लालभडक झाले. "माशाल्ला," गर्दी पुटपुटली. ते रक्त परत कुत्र्याच्या अंगात गेले. "हा ओझोन. मूत्रपिंडाला चिलखत चढलं. आता खुशाल बेदाणे खाऊ द्या."

गर्दीतल्या तहसीन नावाच्या मळेवाल्याला नेमके हेच ऐकायचे होते. बेदाणे उन्हात जमिनीवर पसरले की रानडुकरे हाकायला कुत्रा मोकळा हवा, आणि मोकळा कुत्रा त्यात तोंड घालणारच. द्राक्षे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला विष आहेत, असे जनावरांची डॉक्टर नेरमिन हनिम, म्हणजे नेरमिनबाई, दरवर्षी कानीकपाळी ओरडायची. म्हणून तहसीन आपल्या दुमानला या दिवसांत बांधून ठेवी. यंदा त्याने ओझोन दिला आणि साखळी काढली.

आठवडा उलटायच्या आत दुमानला उलट्या सुरू झाल्या, मग लघवी बंद झाली. नेरमिनने सलाईन लावले, पण उशीर झाला होता.

"पण रक्त माझ्या डोळ्यांदेखत शुद्ध झालं होतं," तहसीन म्हणाला.

तिने तपासणीसाठी काढलेल्या काळपट रक्ताची नळी उघडली, आत हवा घेतली, बूच लावून खळखळून हलवली आणि त्याच्या हातात दिली. रक्त लाल झाले होते.

"शिरेतलं रक्त काळपटच असतं, तहसीन बे. हवा लागली की लाल होतं. मूत्रपिंडाचा त्याच्याशी काही संबंध नाही. ओझोनवर प्रयोगशाळांत तपास चालतात, चालू देत. पण बेदाणे खाल्ल्यावर वाचवणारं चिलखत अजून कुणाला सापडलेलं नाही."

दुमान संध्याकाळी गेला. तहसीन दवाखान्याच्या पायरीवर बसून ढसाढसा रडला. त्याला एर्दिंचचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःचा.

पुढच्या बाजारी तो मेंढीच्या काळपट रक्ताची बाटली घेऊन गर्दीत शिरला. गोठू नये म्हणून नेरमिननेच त्यात औषध घातले होते. हवेला जागा व्हावी म्हणून त्याने निम्मे रक्त ओतून टाकले, बाटली हलवली आणि लाल झालेले रक्त दिसावे अशी उंच धरली.

"यात ओझोन नाही, नुसती हवा आहे. माझ्यावरही विश्वास ठेवू नका, स्वतः हलवून बघा. बेदाणे उचलेपर्यंत कुत्री बांधा. राखण आपण पाळीपाळीनं करू."

बाटली चार हातांतून फिरली. एर्दिंच हसला. "यांच्या कुत्र्याला दुसरी मात्रा मिळालीच नाही," तो म्हणाला आणि गर्दीचा जीव भांड्यात पडला.

शेजारच्या मळ्यातल्या सबरीने तहसीनच्या खांद्यावर हात ठेवला. आवाजात माया होती. "तुझा गेला, म्हणून तू बोलतोस. आमचा अजून आहे."

आणि कुत्र्याचा पट्टा ओढत तो एर्दिंचच्या यंत्रापुढच्या रांगेत पुढे सरकला.