वेल्डाच्या वंशाची घोडी

मैदानात शिरायच्या बोळात टॅन्सी घोडी मागच्या पायांवर उभी राहिली. कठड्यावरून कुणीतरी ओरडलं, "डार्ला, शर्यतीला आलीस की सर्कशीला?"

तीन पिंपांना वळसे घालून धावायची ही शर्यत. टॅन्सी आजही बोळातच अडली तर तिला विकायचं, असं ऑर्विल आणि त्याची लेक डार्ला यांनी ठरवलं होतं. टॅन्सीची आजी, आई, सगळ्या ऑर्विलच्या बायकोने, वेल्डाने वाढवलेल्या. वेल्डा मार्चमध्ये गेली, आणि आता या वंशातली ही एकच उरली होती.

डार्लाने लगाम आवळला तशी घोडी जास्तच बिथरली. ऑर्विल पुढे झाला.

"लगाम सोड."

"बाबा, पाडेल ती मला!"

"हिची आजीही अशीच नाचायची. तुझी आई लगाम तिच्या मानेवर टाकून दोन्ही हातांनी टोपी बसवायची. मला वाटायचं, बाईला टोपीचीच पडलीय."

डार्लाने लगाम टाकला, टोपी दाबली. टॅन्सीने लांब श्वास सोडला आणि ती शांत उभी राहिली. या रक्ताला धरून ठेवलेलं खपतच नाही.

मग ती सुटली. पिंपाला इतकी लगटून वळली की डार्लाचा गुडघा घासला, पण पिंप हललं नाही. सतरा सेकंद व्हायच्या आत तिन्ही पिंपं वळून ती परत बोळाच्या तोंडाशी होती.

"काय बाबा, विकायची?" डार्लाने धापा टाकत विचारलं.

ऑर्विलने घोडीच्या घामेजल्या मानेवर हात ठेवला. "टोपी नीट बसव," तो म्हणाला. "शनिवारी परत धावायचंय."