समाजाची सतरंजी

मित्रांनो, सभागृहाच्या माळ्यावर लपंडाव खेळताना धुळीने माखलेली एक गुंडाळी तुमच्या पायाला लागली, तर दचकू नका. ती मी, एक जुनी सतरंजी. खरं सांगायचं तर अर्धी सतरंजी.

माझा जन्म याच गल्लीतल्या विणकर मावशींच्या हातमागावर झाला. तेव्हा गल्लीत घरोघरी माग होते. सभागृह नवंकोरं होतं, पण बसायला काही नव्हतं. मावशींनी पदर खोचला आणि दारोदार फिरून उरलंसुरलं सूत गोळा केलं. कुणी लाल दिलं, कुणी निळं. एका चिक्कू काकांनी दिलेल्या सुताला कुठला रंग म्हणावा हे अजून ठरलेलं नाही. मावशी आणि त्यांचे यजमान शेजारी शेजारी बसून मला विणू लागले.

"अगं, एवढी लांबरुंद कुणासाठी?" यजमान कुरकुरले.

"समाजासाठी. सगळे मावायला नकोत का?"

तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो असा. समाज म्हणजे माझ्यावर मावतील तितके लोक, अशी माझी समजूत झाली.

पुढची वर्षं सुखाची गेली. माझ्यावर लग्नं लागली, सभा झाल्या, बाळं रांगली, भाषणं ऐकता ऐकता मोठी माणसं घोरली. "काय वीण आहे!" असं पाहुणे म्हणत, तेव्हा माझी छाती अभिमानाने फुगे. मात्र तो शब्द काही एका जागी टिकेना. वक्ते म्हणत, "समाज झोपला आहे," तेव्हा तो कुठेतरी बाहेर असे. आया मुलींना दटावत, "समाज काय म्हणेल?" तेव्हा तो शेजारच्या खिडकीत असे. संध्याकाळी गुरुजी इथे शिकवणी घेत. समाज म्हणजे आपण सगळे, असं ते सांगत आणि मुलं मान डोलवून घोकत. मला गुरुजींचंच पटे.

मग मावशींच्या मुलाने परक्या समाजातली मुलगी केली. त्या दिवसापासून मावशींना आमंत्रणं येईनाशी झाली. काही दिवसांनी त्यांचे यजमान वारले. भेटायला येणाऱ्यांना बसायला काहीतरी हवं, म्हणून मावशी स्वतः मला न्यायला आल्या. समाजाचे अध्यक्ष दारातच उभे राहिले.

"मावशी, माझं काही म्हणणं नाही हो. पण सतरंजी समाजाची आहे."

"आणि मी कोण?"

अध्यक्ष चपलांकडे बघत राहिले. गुरुजी तिथेच होते. ते पाठमोरे होऊन फळा पुसू लागले. मी हाताच्या अंतरावर गुंडाळून पडले होते, मित्रांनो, आणि मला पाय नाहीत याचं इतकं दुःख मला कधी झालं नव्हतं. मावशी रिकाम्या हातांनी परत गेल्या. त्यांच्याकडे बसायला कुणी गेलंच नाही, असं नंतर कानावर आलं.

त्यानंतर उरलेल्यांचंही फाटलं. भांडण कशावरून झालं ते आता त्यांनाही आठवत नाही. एका समाजाचे दोन समाज झाले. भांडी वाटली, घड्याळावरून हातघाई झाली आणि शेवटी मला मधोमध कात्रीने कापलं. अर्धी इथे राहिले, अर्धी पलीकडच्या नव्या सभागृहात गेले. आडवे धागे कापलेल्या कडेने सुटू लागले. गल्लीतले माग केव्हाच बंद पडले होते, गाठी मारणारं कुणी उरलं नव्हतं. तेव्हा अध्यक्षांना मावशी आठवल्या. मला खांद्यावर टाकून ते त्यांच्या दारात गेले.

मावशींनी माझ्या कडेवरून बोट फिरवलं. एव्हाना त्यांच्या डोळ्यांना दिसत नव्हतं, पण बोटांनी मला ओळखलं.

"बाकीची कुठे आहे?"

"त्यांच्या समाजाकडे."

मावशींनी सुटलेले धागे चाचपले. मग म्हणाल्या, "गाठी मारून देते. पण त्यासाठी आधी वीतभर उसवावं लागेल. उभे धागे मोकळे झाल्याशिवाय गाठ बसत नाही."

अध्यक्ष विचारात पडले. "म्हणजे आमची त्यांच्यापेक्षा लहान होणार?"

"होणार."

"मग राहू दे."

त्यांनी मला उचललं. मावशींचा हात माझ्यावरून ओघळला. त्या वेळी मला मोठ्याने रडावंसं वाटलं. तोच आमचा शेवटचा स्पर्श. मावशी गेल्या त्या दिवशी त्यांच्या अंगणात कुणी काही अंथरलं नाही.

आता सभागृहात प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत. ज्याची त्याची वेगळी. मी माळ्यावर रोज थोडी थोडी सुटते आहे. पलीकडची अर्धीही सुटत असेल.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही, जपण्यासारखं काही उरलेलं नाही. एवढंच सांगते, दारात कुणी सतरंजी मागायला आलं, तर आधी सतरंजी द्या आणि ते कोण हे मग विचारा. तुम्ही द्याल असं मला वाटत नाही. तुम्हीही याच गल्लीतल्या घरांतली मुलं आहात.