मामांचा नंबर आणि बातम्यांची रांग

आमच्या चौकातल्या न्हाव्याचा हात इतका हलका, की एकदा एक गिऱ्हाईक खुर्चीतच झोपलं, दाढी-कटिंग उरकून तसंच घरी गेलं आणि जेवताना जागं झालं. खोटं वाटत असेल तर त्याच्या बायकोला विचारा. या न्हाव्याला सगळे मामा म्हणतात.

पण हल्ली नुसता हात हलका असून भागत नाही. समोर नवं सलून उघडलं, तिथे भिंतभर टीव्ही आणि त्यावर दिवसभर बातम्या. मामांचा बाक ओस पडला. मी नेमाने जायचो, पण माझ्या डोक्यावर कापण्याजोगं काही उरलेलं नाही. माझ्या जिवावर दुकान कसलं चालतंय! आता कुलूप लावतो, असं मामा म्हणायला लागले.

तेव्हा त्यांची सख्खी भाची धावून आली. ती वाचनालयात कॉम्प्युटर सांभाळते. तिने एक जुना टॅब आरशाला टेकवून ठेवला आणि सांगितलं, की बातम्यांसाठी आपण एकेका वेबसाइटच्या दारात जायचं नाही, त्यांनाच आपल्या दारात बोलवायचं. पानावर नारिंगी लाटांची खूण शोधायची, तिथे फीडचा पत्ता मिळतो. तो कॉपी करून रीडर अ‍ॅपमध्ये पेस्ट करायचा आणि सबस्क्राइब दाबायचं. त्या साइटवर नवं काही आलं, की मथळा आपसूक इथे हजर. कंटाळा आला तर अनसबस्क्राइब, कुणी रुसत नाही.

मामांना हे भलतंच आवडलं. हवामान झालं, फुटबॉल झाला, पालिका झाली, शेवटी मधमाश्या पाळणाऱ्यांची संघटनाही सोडली नाही. मथळ्यांच्या भाराने टॅब असा जड झाला, की आरसा एका अंगाला कलला. तेव्हापासून आमच्या चौकात सगळ्यांचे कल्ले तिरके.

घोळ पुढेच झाला. रीडर सगळ्यात नवी बातमी वर दाखवतो, आणि ते मामांना पटेना. उभ्या आयुष्यात त्यांनी नंबर सोडून कुणाला खुर्चीत घेतलेलं नाही, फौजदारालासुद्धा नाही. मग उशिरा आलेली बातमी आधी का म्हणून? सेटिंग चाचपडून त्यांनी ‘जुनी आधी’ करून टाकलं. शिवाय एक बातमी अथपासून इतिपर्यंत वाचल्याखेरीज दुसरीला हात लावायचा नाही. येणाऱ्या बातम्या ढीगभर, वाचणारा एकटा. मामा मागे पडत गेले.

एके दिवशी ते गंभीर आवाजात वाचायला लागले, की रविवारचा सामना आपला संघ सहज जिंकणार असं जाणकारांचं मत आहे. तो रविवार होऊन महिना लोटला होता आणि आपल्या संघाचं पार पानिपत झालं होतं. बाकावरचा पोस्टमन हसता हसता खाली घसरला.

“जाणकारांना म्हणावं, घरी बसा,” तो म्हणाला. “मामा, पुढचं वाचा.”

गंमत अशी, की टीव्हीवरची बातमी ऐकून माणूस घाबरतो आणि मामांकडची ऐकून शहाणा ठरतो. पुढे काय झालं ते आधीच ठाऊक! बघता बघता बाक भरला, दुसरा आणावा लागला.

भाचीला हे कळलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला. ‘सगळं वाचलेलं’ असं एक बटण असतं म्हणाली. दाबलं, की जुनं सगळं साफ.

“म्हणजे बाकावरच्यांना हात न लावता, झाली तुमची दाढी, म्हणून घालवायचं?” मामांनी विचारलं.

तिने बोट मागे घेतलं.

पण मग सुट्ट्या लागल्या. साइटवाले गावाला गेले, गिऱ्हाइकं मात्र वाढली. मामा वाचतच सुटले आणि एका दुपारी चक्क आजच्या दिवसाला येऊन धडकले. पाणीपट्टी वाढवायची की नाही, यावर पालिकेची बैठक आज संध्याकाळी.

“मग? वाढवली का?” खुर्चीतल्या मास्तरांनी विचारलं.

“मला काय माहीत? आजचीच आहे.”

कुणालाच काही माहीत नव्हतं, सगळे एकदम अडाणी. दोघे उठून समोरच्या टीव्हीकडे बघायला लागले. मामांच्या हातातला वस्तरा तसाच थांबला.

शेवटी पोस्टमनने टॅब ओढला आणि तिकिटं जमवणाऱ्यांची साइट सबस्क्राइब केली. तोंडाला फेस तसाच ठेवून मास्तर परीक्षा मंडळाच्या मागे लागले. शिंप्याने बटणांच्या कारखान्याचं फीड आणलं. मी टकलावरच्या औषधांचं जोडलं. तिथे रोज नवा शोध लागतो. उठलेले दोघेही परत येऊन आपापले पत्ते चिकटवायला लागले. जुने-नवे मथळे असे धो धो कोसळले, की आता मामा या जन्मी आजपर्यंत पोचत नाहीत.

पाणीपट्टी वाढली, ते दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाला कळलं. मामांनी मात्र ती बैठकीची बातमी खूण करून बाजूला ठेवली आहे.

“आत्ता नको,” म्हणाले, “जरा मुरू दे.”