ळ न उमटवणारी काच

मित्रांनो, मी कर्वेनगरच्या एका वाचनालयातला जुना टचस्क्रीन आहे. बोट टेकवावं आणि अक्षर उमटावं, एवढंच माझं काम.

मला आणलं तेव्हा माझ्यासमोर नारळ फोडला होता. माझ्यावर मुलांसाठी खेळ होता. वरून अक्षर पडलं की खाली कळफलकावर तेच अक्षर दाबायचं. ळ क्वचितच पडे, म्हणून त्याला दहा गुण. मुलं ळवर अक्षरशः बुक्के मारत. चार वर्षांत माझी तेवढी जागा बधिर झाली. कुणाच्या ध्यानात आलं नाही.

पुढे खेळ बंद पडला आणि मला सभासद नोंदणीला बसवलं. नाव त्याच कळफलकावर स्वतः टाइप करायचं. ते ओळखपत्राशी जुळलं नाही की चूक, आणि तीन चुका झाल्या की अर्ज महिनाभर बंद.

पहिल्याच दिवशी मुक्ताबाई काळभोर आल्या. पासष्टाव्या वर्षी अक्षरं शिकलेल्या. आजवर सगळीकडे अंगठाच दिलेला. हे कार्ड त्यांना स्वतःच्या अक्षरांनी हवं होतं.

त्यांनी आडनावाचा 'का' उमटवला. मग ळ दाबला. मला काहीच जाणवलं नाही. 'काभोर' झालं आणि मी लाल झालो.

"आजी, ळ राहिला," नोंदणीवरचा विश्वजीत म्हणाला.

"दाबला की रं!"

दुसऱ्यांदाही काभोर. पुन्हा लाल.

रांगेतून आवाज आला, "होऊ द्या सावकाश. आम्ही संध्याकाळचा चहा इथेच मागवतो."

लोक हसले. मुक्ताबाईंनी बोट पदराला पुसलं आणि त्याच्याकडेच बघत राहिल्या. चूक माझी होती. पण सांगणार कसं?

"एकच संधी उरलीय, आजी," विश्वजीत म्हणाला. " उद्या नातीला घेऊन या, ती टाइप करेल."

मुक्ताबाई दोन पावलं वळल्या. मग थांबल्या.

"नात कशाला? नाव माझं हाय. वर्गातल्या बाईंनी ह्यो ळ माझ्याकडनं पाटीभर गिरवून घेतलाय. त्यो चुकायचा न्हाई. तू दाब बरं."

विश्वजीतने दाबला. काही नाही. अंगठ्याने जोर लावला. काही नाही.

ग्रंथपाल नाजिमाबाई उठून आल्या. त्यांनी कोरा कागद आणि पेन पुढे केलं. "आपण लिहा. आम्ही थांबतो."

मुक्ताबाईंनी नाव लिहिलं. ळ जरा मोठाच आला. कार्ड त्यावरूनच झालं.

आता माझ्या डोक्यावर नाजिमाबाईंनी सूचना चिकटवली आहे: 'अक्षर न उमटल्यास आधी काच तपासावी, वाचक नंतर.'

मित्रांनो, आम्हा यंत्रांना पुसा, तपासा, वेळेवर दुरुस्त करा. काच बदलता येते. शरमून परत गेलेल्या माणसाला मात्र कुणी बोलावून आणत नाही.