हिरवळ नव्हे, पाणी!

मित्रांनो, मी एक जुनी निळी घसरगुंडी आहे. निळी म्हणायचे ते जुन्या ओळखीवर. उन्हाने माझा रंग पार विटला आहे. एका बंद पडलेल्या वॉटर पार्कमध्ये मी उभी आहे.

फायबरचे तुकडे जोडून कारागिरांनी मला घडवले. कुणाची पाठ खरचटू नये म्हणून माझा प्रत्येक सांधा त्यांनी तळहाताने चाचपला होता. मग माझे सुखाचे दिवस सुरू झाले. माझ्यावरून पाणी खळाळायचे, मुले किंचाळत खालच्या तलावात पडायची आणि नाकातले पाणी शिंकरत पुन्हा जिन्याकडे पळायची. पुढे एका उन्हाळ्यात पंप थांबले, फाटकाला कुलूप लागले. त्यानंतर माझ्याकडे कुणी फिरकले नाही.

म्हणून त्या दुपारी पडक्या कुंपणातून दोन बायका आत शिरल्या, तेव्हा मी हरखून गेले. एक कपडे शिवणारी वहिनी, दुसरी चष्म्याच्या दुकानात काम करणारी तिची नणंद, चिमी. ओस जागा बघत फिरायची दोघींचीही ही पहिलीच खेप. हातमोजे, विजेरी, जाड बूट अशी जय्यत तयारी होती.

"छताखाली थांबायचं नाही, पायरी दाबून बघायची. व्हिडिओत सांगितलंय," चिमी म्हणाली.

"तू म्हणशील तसं. पण तुझ्या दादाला कळलं ना, तर माझी धडगत नाही!"

दोघी खुदकन हसल्या. माझ्या गंजक्या जिन्याची पहिली पायरी करकरली, तशा त्या शहाण्यासारख्या मागे फिरल्या. मला बरे वाटले.

"तिथं हिरवळीवर उभी राहा, वहिनी. फोटोत मागे घसरगुंडी छान दिसेल."

वहिनी दोन पावले मागे सरली आणि दिसेनाशी झाली.

मित्रांनो, ती हिरवळ नव्हती! तो माझाच तलाव होता. वर्षानुवर्षांच्या पावसाने काठोकाठ, पुरुषभर खोल भरलेला, वरून शेवाळ्याने आणि पाल्याने झाकलेला. ज्या पाण्यात मुले डुंबायची, त्याने माझ्या डोळ्यांदेखत एका बाईला गिळले होते.

वहिनी वर आली. बुळबुळीत फरशीवरून तिचे हात पुन्हा पुन्हा निसटत होते. "चिमे, पाय टेकत नाहीये गं!"

चिमीला पोहता येत नव्हते. ती काठाकडे धावली. मग ओरडली, "घसरगुंडी धर! वहिनी, तुझ्या डाव्या हाताला!"

वहिनीने माझी कड पकडली. ती तडकू लागली. मला ओरडताही येईना. चिमी काठावर पालथी पडली, पाठीवरची पिशवी काढून तिचा पट्टा तिने वहिनीकडे टाकला आणि दात आवळून ओढू लागली. माझा एक तुकडा मोडून पाण्यात पडला, पण तोवर वहिनीचे कोपर काठावर आले होते.

दोघी कितीतरी वेळ एकमेकींना घट्ट धरून बसल्या. चिमी हुंदके देत म्हणाली, "मीच तुला तिथं उभं केलं गं."

"मेले नाहीये मी अजून," वहिनी खोकत म्हणाली. "रडणं नंतर. आधी अग्निशमन दलाला फोन लाव, हे पाणी उपसायला सांग. तुझ्या दादाला कळलं तरी चालेल."

चार-पाच दिवसांनी पाणी उपसायला माणसे आली. तळ उघडा पडला आणि पंपवाल्याने बाकीच्यांना हाक मारली. खाली कुत्र्यामांजरांची हाडे होती. एका पिल्लाच्या गळ्यात अजून पट्टा होता. रात्रीच्या अंधारात माझ्या पायाशी इतके जीव गेले आणि मला पत्ताही नव्हता.

मित्रांनो, आम्हाला रंग देऊ नका, आमची आठवणही काढू नका. पण जागा सोडून जाताना पाणी तेवढे काढून जा. आणि अशा जागी चोरून शिरण्याचा मोह तुम्हीही आवरा.

आता माझ्यासमोर नुसता कोरडा, भकास खड्डा आहे. पण तो खड्डा आहे हे लांबूनही कळते. मला तेवढे पुरे आहे.