सुईची जागा

मोठ्या दुकानाच्या दारात उभं राहून बाहेर पडणाऱ्यांच्या पिशव्या तपासणं हे माझं काम. बिल बघायचं, पिशवीत डोकावायचं आणि माणसाच्या तोंडाकडे बघायचं. बिल सहसा खरं असतं, तोंडाचा भरवसा नाही. आता ही सवय संध्याकाळी कामाच्या कपड्यांबरोबर खुंटीला टांगता येत नाही, त्याला मी काय करू? बाबा मला फौजदारबाई म्हणतात. म्हणोत बापडे.

तर बाबांची साखर खाली येईना. दोन्ही वेळा इन्सुलिन, जेवण मोजूनमापून, चहा बिनसाखरेचा, आणि तपासलं की आकडा चढलेलाच. त्यात पायाच्या अंगठ्याला कसलीशी जखम झाली, ती भरायचं नाव घेईना. डॉक्टरीणबाईंनी अंगठा दाबून बघितला आणि मला बाजूला घेतलं.

"एक तर चोरून खातात, नाहीतर इन्सुलिन घेत नाहीत. साखर अशीच राहिली तर अंगठा काढावा लागेल. तुम्ही घरात असता, जरा लक्ष ठेवा."

लक्ष ठेवा! हे कोणाला सांगताय, बाई?

बाबा चामड्याच्या पिशव्या शिवतात. आमची पुढची खोली म्हणजेच त्यांचं दुकान. खिडकीशी बाकडं, त्यावर आरी, मेण लावलेला दोरा, चामड्याची कातरणं. शेजारचा चावीवाला दिवसातून दहादा तिथे येऊन टेकतो. मी आत पाऊल टाकलं की दोघं गप्प. कुठेतरी पाणी मुरतंय, हे मला तेव्हाच कळलं.

मी त्यांचे खिसे चाचपले. गादी उलटी केली. जॅमच्या बाटलीवर पेनाने खूण करून ठेवली. बाबांनी चहा प्यायला की कप उचलून हुंगायची. काही सापडत नव्हतं, आणि काही सापडत नाही म्हटल्यावर माझा संशय कमी व्हायच्या ऐवजी वाढत चालला होता. सराईत माणूस आहे, मी मनात म्हणायची. जन्मदात्या बापाबद्दल!

शेवटी बाकड्याच्या खणात सापडलं. गोड गोळ्यांचा डबा. तो मीच ठेवला होता, साखर एकदम उतरली, हात थरथरायला लागले तर पटकन तोंडात टाकायला. पण साखर तर कधी उतरलीच नव्हती. मग डबा अर्धा रिकामा कसा? आणि खणाच्या कोपऱ्यात हे चुरगाळलेले कागद कुणाचे?

मी कागद बाकड्यावर ओतले. "हे काय आहे, बाबा?"

चावीवाला चटकन म्हणाला, "अहो ताई, त्या मी खाल्ल्या. येता-जाता एखादी टाकतो तोंडात."

"तुम्ही मध्ये पडू नका. एकमेकांना सांभाळून घेणारे मी रोज पकडते."

बाबांनी हातातली आरी खाली ठेवली. "मी खात नाही गं. खरंच खात नाही."

"दारात पकडलेला प्रत्येक जण हेच म्हणतो."

चावीवाला मान खाली घालून निघून गेला. बाबांनी आरी परत उचलली. डबा मी माझ्या कपाटात घालून कुलूप लावलं. त्या दिवसापासून ते माझ्याशी कामापुरतं बोलायला लागले. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण अंगठ्याचं काय करू? तो रोज काळा पडताना दिसत होता, आणि माझा जीव तिथे टांगलेला होता.

गोळ्या बंद झाल्या, तरी आकडा हलेना. म्हणजे दुसरी गोष्ट. बाबा सुई घ्यायला न्हाणीघरात जातात आणि आतून कडी लावतात. कडी कशाला? इन्सुलिन बेसिनमध्ये सोडत असतील तर?

"आजपासून सुई माझ्यासमोर," मी दारात आडवी उभी राहिले.

"पोरीसमोर पोट उघडं टाकून बसू?"

"बसा. अंगठा गेल्यावर लाज राखून काय करायचंय?"

ते खुर्चीवर बसले. सदरा वर केला आणि मी वाकून बघितलं. बेंबीच्या शेजारी लिंबाएवढी गाठ होती, कडक, चकचकीत. बाबांनी सुई सरळ तिच्यातच घातली, ठरलेल्या जागी ठेवल्यासारखी.

"बाबा, रोज इथेच?"

"पहिल्यापासून. दुखत नाही तिथे."

"जागा बदलायची असते! नर्सने सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं असेल." ते सदरा खाली ओढत म्हणाले, "चामड्याला एकदा भोक पडलं की बुजत नाही. चुकीच्या जागी आरी गेली तर पिशवी वाया. म्हणून आपण जुन्याच भोकातून सुई घालतो. चांगली कातडी कशाला खराब करायची?"

औषध रोज जात होतं. पण त्या गाठीत अडकून बसत होतं, अंगाला धड लागतच नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी गाठ बघून स्वतःच्याच कपाळावर हात मारला. नव्या जागा दाखवल्या, इन्सुलिन कमी केलं आणि बजावलं, "आता लागू पडेल. साखर उतरूही शकते. घाम फुटला, थरथर झाली तर लगेच गोड खायचं. वाट बघायची नाही."

मी डबा परत खणात ठेवला. माफी मागायची राहिली. रविवारी निवांत मागू, म्हटलं.

आकडे खाली यायला लागले. अंगठ्याच्या कडेला गुलाबी कातडी दिसली. मी खुशीत होते. शनिवारी कामावरून आले, तर बाबा बाकड्यापाशी बसलेले. सदरा घामाने ओला, ओठ पांढरे. समोर साखर मोजायचं यंत्र, त्यावर मी आमच्या घरात कधीच न बघितलेला छोटा आकडा. त्यांच्या उघड्या तळहातावर एक गोळी होती, कागदासकट. हात इतका थरथरत होता की कागद वाजत होता.

"बाबा! खाल्ली का नाहीत?"

"तू येईपर्यंत थांबलो," ते कसेबसे म्हणाले. यंत्र त्यांनी माझ्याकडे सरकवलं, गिऱ्हाईक बिल पुढे करतं तसं. "बघून घे. मग खातो."

मी कागद फाडला आणि गोळी त्यांच्या तोंडात घातली. यंत्राकडे बघितलं नाही.